ठीक है साब

माझ्या थोरल्या जावेच्या नवऱ्याला एक पाय नव्हता, आणि त्या नसलेल्या पायाचा मला हेवा वाटायचा. ऐकायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

ते आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. सगळे त्यांना दादा म्हणायचे. साताऱ्याजवळच्या आमच्या गावातून दोघंही पलटणीत गेलेले. दादांचा पाय एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर गेला. पुढच्या वर्षी ह्यांची लष्करी गाडी डोंगरातल्या रस्त्यावरून खाली गेली आणि ह्यांची कंबर कामातून गेली. दोघंही घरी आले. दादांना अपंगाची पेन्शन सुरू झाली. ह्यांची नामंजूर झाली. कागद इंग्रजीत होता. शाळेच्या हेडमास्तरांनी तो वाचून सांगितलं, अपंगत्व आहे, पण पेन्शन द्यावी एवढं नाही.

"एवढं नाही म्हणजे? मग केवढं पाहिजे?" मी विचारलं. हेडमास्तर चष्मा पुसत बसले.

जावेचं दार आमच्या दारासमोर. तिचं सगळं मला बसल्या जागी दिसायचं. झेंडावंदनाला दादांना पहिल्या रांगेत खुर्ची, आणि शेजारी ही, डोक्यावरचा पदर सारखा सारखा नीट करत. एसटीत कंडक्टर चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसाला उठवून दादांना जागा करून द्यायचा. ह्यांना कोण जागा देणार? मिशीला पीळ, छाती पुढे, बाहेरून माणूस खणखणीत. पारावर कुणीतरी बोललंच, "धडधाकट गडी हाय की, नुस्ता हिंडतोय." सकाळी खाटेवरून उठवताना मी काखेत हात घालून ह्यांना उचलत होते, ते पारावरच्यांना कुठून दिसणार? दादा लाकडी पाय लावून उसाला पाणी पाजायला जायचे. ह्यांना वाकून खालचा तांब्या उचलता येत नव्हता. सांगलीला माहेरी गेले तर तिथंही वहिनी म्हणाली, "भाऊजी तर छान दिसतात हो!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवानं न्यायचंच होतं तर दिसेल असं काहीतरी न्यायचं, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

एक दिवस मी ह्यांना खोदून खोदून विचारलं, पुण्याला डॉक्टरांच्या बोर्डापुढं नेमकं झालं काय? आधी उडवाउडवी केली. मग सांगितलं. पहाटे उठून दाढी केली, कडक इस्त्रीचा गणवेश घातला, काठी बाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि आत जाऊन सॅल्यूट ठोकला.

"सायबानं इचारलं, कैसे हो जवान? मी म्हनलं, ठीक है साब."

"अन् दुखतंय त्याचं काय?"

"सायबाला दुखनं सांगत्यात व्हय गं?"

मी कपाळावर हात मारला. ह्यांनी ठीक म्हटलं, त्यांनी ठीक लिहिलं. दादांचं बरं होतं, ते ठीक म्हणाले असते तरी पाय काही उगवून आला नसता.

अपील करायचं दादांनीच सुचवलं, आणि आमच्याबरोबर साताऱ्याला सैनिकांच्या कचेरीतही आले. तिथं पुन्हा तेच. कारकून दादांना बघून लगबगीनं उठला, स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि म्हणाला, "बोला, तुमचं काय काम होतं?" दादा म्हणाले, "माझं न्हाई, ह्याचं हाय." कारकुनानं ह्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "यांना काय झालंय?" अर्ज लिहून होईपर्यंत हे उभेच, कारण बसलं तर उठवायला मी लागणार आणि चारचौघांत ते ह्यांना चालणार नव्हतं. मला त्या कारकुनाचा राग यायला हवा होता. आला दादांचा.

दुसऱ्या तपासणीचं बोलावणं आलं तेव्हा मी पुण्याला बरोबर गेले. मी म्हटलं, चपला घाला. हे म्हणाले, बोर्डापुढं बूटच. नेहमीसारखे मीच घातले, मीच बांधले. आगगाडीत लोणंद येईपर्यंत मी ह्यांच्याकडून घोकून घेत होते. साहेबानं विचारलं तर काय म्हणायचं? "कंबर दुखती. वाकता येत न्हाई." पुन्हा म्हणा. "कंबर दुखती." समोरची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. हसू दे म्हटलं.

दवाखान्यात हे आत गेले. मी दाराबाहेर, मध्ये नुसता पडदा. आतून प्रश्न ऐकू आला, कैसे हो जवान? आणि आमच्या शूराचं उत्तर आलं, खणखणीत, "ठीक है साब!"

तिथल्या तिथं आत जाऊन ह्यांचा कान धरावासा वाटला. जावेचं तोंड डोळ्यांपुढे आलं, पहिल्या रांगेतलं.

मग आतून आवाज आला, बूट उतारो. त्यानंतर काहीच ऐकू येईना. बराच वेळ. पडदा बाजूला झाला आणि शिपायानं विचारलं, "इनकी घरवाली कौन है?"

मी गेले. हे ताठ उभे होते, घामानं डबडबलेले, नजर समोरच्या भिंतीवर. बूट पायातच. मी खाली बसले, एक पाय मांडीवर घेतला, नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढून बुटात खोचला. मग दुसरा. रोजचंच काम, हात आपले आपण चालत होते. मान वर केली तर डॉक्टर खुर्ची पुढे ओढून माझ्या हातांकडे बघत होते. त्यांनी विचारलं, रोज तुम्हीच काढता? मी म्हटलं, घालते पण मीच. ह्यांच्या मानेवरची शीर तेवढी हलली. मग डॉक्टरांनी ह्यांना बाकावर निजवून नीट तपासलं.

परतीच्या गाडीत हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. चहा आणला तो माझ्या हातात दिला.

काही महिन्यांनी कागद आला. अपील मंजूर. हेडमास्तरांकडून ऐकून मी घरीसुद्धा न जाता सरळ जावेच्या दारात गेले. आनंद तर होताच, पण तिच्या तोंडावर काय उमटतं तेही मला बघायचं होतं.

ती भाकरी थापत होती. "लई बेस झालं बघ," म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता तुला आमच्या दाराकडं डोळं लावून बसायला नगं. मी मातूर बसनार. भावजी सकाळी दोन पायांनी उंबरा वलांडून भाईर येत्यात ना, लय जळतं गं माजं."

तीन वर्षं जे मी गिळत आले होते, ते तिनं भाकरी थापता थापता बोलून टाकलं. आणि खरं सांगते, मला तिच्या त्या बोलण्याचाही हेवा वाटला.