अपीलकाका आणि माझे आगाऊ पेढे

अपीलकाकांचा मुलगा तुरुंगातून सुटला म्हणून तोआ पायोहच्या आमच्या अख्ख्या इमारतीत मी पेढे वाटले. यात दोन घोटाळे झाले. तो सुटला नव्हता. आणि तो तुरुंगात आहे हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा मी कोवळीच होते, जेमतेम साठीची. अक्कलदाढ काढून झाली होती, अक्कल यायची होती.

काका आमचे शेजारी, तांजोंग पगारच्या बँकेतून निवृत्त झालेले. कुठलाही नकार त्यांना शेवटचा वाटत नसे. हॉकर सेंटरमधल्या टपरीवरची बाई डोसा संपला म्हणाली, तर ते तिच्या नवऱ्याकडे दाद मागत. माझ्या सुनेने दुसरा चहा नाकारला की माझ्याकडे वळत. "वहिनी, खालच्या कोर्टाने नाही म्हटलंय. तुम्ही बघा." मी लगेच निकाल फिरवायची.

मुलाबद्दल कुणी विचारलं तर म्हणत, "अमेरिकेत असतो. जागा सरकारी, जेवण सरकारी." लोकांना हेवा वाटे. खरं काय ते त्यांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. गुन्हा कबूल केल्यास शिक्षा कमी करण्याचा सरकारचा प्रस्ताव मुलाच्या वकिलाने त्याला कधी कळवलाच नव्हता. त्यावर केलेला सुटकेचा अर्ज कोर्टाने फेटाळला होता, आणि त्याविरुद्ध अपील करायलाही आधी परवानगी लागत होती. "म्हणजे बेल वाजवण्याआधी, बेल वाजवू का, असं विचारायचं," काका समजावत. एक पायरी जास्त मिळाली म्हणून स्वारी उलट खूशच.

एका सकाळी परवानगी मिळाल्याचं दारातूनच सांगून ते यिशुनला मित्राकडे गेले. मी "मिळाली" एवढंच ऐकलं आणि दुधाची पावडर काढली. शेजारच्या चिनी आजींना माझं इंग्रजी कळेना, तेव्हा मनगटं जुळवून बेड्या दाखवल्या, मग तोडून दाखवल्या.

संध्याकाळी काका परतले तर लिफ्टपाशी अभिनंदनाला गर्दी. बिचारे प्रत्येकाला परवानगी, अपील आणि सुटका यांतला फरक समजावत वर आले. मी लेकाला दार उघडायला लावून न्हाणीघरात लपले.

काही महिन्यांनी अपीलही फेटाळलं गेलं. काका सांगायला आले, तेव्हा मी कशीबशी माफी मागितली. ते खुर्चीत टेकले. मग म्हणाले,

"वहिनी, इतकी वर्षं खोटं बोलत होतो, म्हणून त्याची काळजी एकट्यालाच करावी लागायची. आज लिफ्टमध्ये सांगितलं, हरलो. चिनी आजी बाजारात निघाल्या होत्या. गेल्या नाहीत. माझ्याबरोबर वर आल्या आणि माझं कुलूप त्यांनी उघडलं. मला किल्ली लावता येईना."