घेवड्याची साक्ष

थांबाबाई हे नाव तिला लोकांनी ठेवलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. शेती सल्ला केंद्राच्या खिडकीशी तिची निम्मी हयात गेली. कुणी प्लास्टिकच्या पिशवीत पिवळं पडलेलं पान घेऊन यायचं, कुणी काडेपेटीत कीड कोंडून आणायचं, आणि जो तो आल्या पावली काहीतरी फवारायला उतावीळ. ही पान उलटं करायची, भिंगातून बघायची आणि म्हणायची, "थांबा." पाणी कमी करा आणि थांबा. खालची पानं काढा आणि थांबा. एक माळी तिला तोंडावर म्हणाला होता, "बाई, घर पेटलं तरी तुम्ही आधी माती तपासायला पाठवाल." तिला त्यात विनोद दिसला नाही. माती तपासून घ्यायला कुणाच्या बापाचं काय जातं?

अशी बाई या वर्षी थांबली नाही.

घरात माणसं दोनच, ती आणि तिची मोठी जाऊ. दोघींचेही नवरे वर गेलेले. दोघींच्या खोल्यांच्या मध्ये स्वयंपाकघर आणि मागे परसू. घर दोघींचं असलं तरी परसू जावेचं. जाऊ फारशी शिकलेली नव्हती, पण तिच्या हाताला गुण होता. वाळकी काडी खोचली तरी पालवी फुटायची. भिंग आणि पुस्तकं बाळगणाऱ्या धाकटीच्या कुंडीत मात्र कोरफडसुद्धा कुजायची. यावरून जावेनं तिला आयुष्यभर चिडवलं.

मग जावेची फुप्फुसं बिघडली. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि पुढच्या वर्षाबद्दल बोलायचं टाळलं. काय समजायचं ते दोघी समजल्या. घरी आल्यावर जाऊ चपला काढता काढता म्हणाली, "या खेपेला टोमॅटो झकास आले पाहिजेत गं. मग मी मोकळी."

म्हणून धाकटीनं घाई केली. तबेल्यातून घोड्याच्या लिदीचं खत आणलं. काळंभोर, भुसभुशीत, बघून कुणाचंही मन भरावं असं. नवं खत वाफ्यात घालण्याआधी ते थोड्या चांगल्या मातीत कालवून पेल्यात घेवडा लावा, शेजारी नुसत्या मातीतही लावा, आणि पानं नीट उलगडतात का ते बघा, अशी सूचना खिडकीवरच्या फलकावर तिच्याच हस्ताक्षरात होती. पण त्या परीक्षेला तीनेक आठवडे जातात. रोपं तर लावणीला आलेली, आणि जाऊ खोलीतून मोरीपर्यंत जाताना मध्ये एकदा टेकायला लागलेली. घातलं खत, परसभर.

रोपं आधी तरारली. मग शेंडे वळायला लागले. नवी पानं चमच्यासारखी आत मुडपलेली, देठ पिळवटलेले.

"बोकड्या आलाय," जाऊ म्हणाली. "फवार काहीतरी."

"थांबा, बघू दे."

"तू बघतच बस."

धाकटीनं पानं उलटून पाहिली. बोकड्या रोग पसरवणारी पांढरी माशी कुठेच नव्हती. कुंपणाजवळचा घेवडाही तसाच मुडपलेला, आणि कोपऱ्यातला एकटा मका मात्र हिरवागार. तिनं तबेलेवाल्याला फोन लावला.

"गवतावर तणनाशक मारलं होतं का हो?"

"कुरणात मारलेलं. पण घोडी ठणठणीत आहेत, बाई."

घोडी ठणठणीतच असणार. काही तणनाशकं जनावराच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडतात, खत कुजलं तरी टिकतात, आणि टोमॅटोच्या मुळावर येतात. हे तिनं जगाला सांगितलं होतं. तरी आता तिनं उरलेल्या खतात आणि शेजारी नुसत्या मातीत घेवडा लावला, पेले खिडकीत ठेवले आणि देव पाण्यात घालून बसली. रोग निघू दे. रोग निघाला तर दोष तिचा नव्हता.

इकडे जावेनं परसात जाणंच सोडलं. "माझा हात गेला," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मरणाऱ्या माणसानं झाडाला शिवू नये. बघितलंस ना काय झालं."

"असलं काही नसतं, जाऊबाई."

"मग काय असतं? सांग की."

धाकटी खिडकीतल्या पेल्यांना पाणी घालायला उठली. त्या दिवसापासून जावेचं ताट जसंच्या तसं परत यायला लागलं. आणि ही शिकलीसवरलेली बाई घेवडा उगवायची वाट बघत गप्प राहिली.

घेवडा उगवला. नुसत्या मातीतली पानं तळहातासारखी सपाट. खतातली मुडपलेली, सगळ्या पेल्यांत, एकही अपवाद नाही.

दोन पेले घेऊन ती जावेच्या खाटेशी गेली. "हे खत मी आणलं. न तपासता घातलं. त्यानं झाडं गेली."

जावेनं दोन्ही पेल्यांतली पानं बोटानं चाचपली. "म्हणजे माझा हात नाही?"

"नाही. माझा आहे."

"अगं सटवे," जाऊ हळूच म्हणाली. "इतके दिवस मी इथं पडून काय काय भोगलं." मग खोकल्याची उबळ आली. धाकटी पाणी पाजायला गेली तर तिनं हिचा हात झिडकारला. स्वतःच तांब्या उचलून घोटभर प्यायली आणि म्हणाली, "आता?"

"झाडं उपटायची. ती खताच्या ढिगावरही टाकायची नाहीत. माती खणून मोकळी ठेवायची, पुन्हा घेवडा लावून बघायचा. पानं सपाट येईपर्यंत टोमॅटो नाही. वर्ष जाईल, कदाचित दोन. तोवर थांबा..." तिनं जीभ चावली.

"मी कुठली थांबते," जाऊ म्हणाली. "तिथं येतं काय ते सांग."

"मका. गवताच्या जातीला ते औषध बाधत नाही."

"मका मला आवडत नाही."

"माहीत आहे."

"मग लाव. पण दाणे मी टोचणार. तुझ्या हातून दगडसुद्धा उगवायचा नाही."

सकाळी खुर्ची वाफ्याशी नेली आणि जाऊ तीत बसली. धाकटीनं एकेक झाड उपटलं. धरलेलं फळ एकच होतं, वाकडं, बोराएवढं. जाऊ त्याच्याकडे बघत राहिली, मग तिनं वाकून मातीत बोट खुपसलं. तिसऱ्या दाण्यालाच तिचा श्वास संपला. धाकटीनं चौथा दाणा तिच्या तळहातावर ठेवला आणि ती शेजारी मातीत बसून थांबली.