कोडोलीत कुठं?

"तुमची ताटं मशीनमध्ये घालू नका. हातानं धुवा, आन् वरच्या खोलीतच ठेवा."

वहिनी माझ्याकडं न बघताच बोलल्या. भांडी धुवायच्या मशीनमधून त्यांनी आमची दोन ताटं बाहेर काढली होती, खरकटीच. ती मशीनमध्ये मीच लावली होती, त्यांनीच शिकवलं होतं तसं. आता ती त्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली आणि हात धुतले. साबण लावून, दोनदा.

आयर्लंडला येऊन आम्हाला सहा दिवस झाले होते.

मी नर्स. कोल्हापूरच्या एका खासगी दवाखान्यात सात वर्षं काढली. इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा आपटले, तिसऱ्यांदा पास झाले, आणि इथल्या इस्पितळानं बोलावलं. नवरा, सागर, कागलला कारखान्यात लेथ मशीनवर होता. तो माझ्यामागं आला. बायकोच्या पदराला धरून निघालाय म्हणून दोस्त हसले त्याला. त्यानं ऐकून घेतलं. विमानात पट्टा बांधताना म्हणाला, "सुटलो बघ आता. तिकडं कोण इचारतंय?"

मलाही तसंच वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

शहरात भाड्याची खोली मिळत नव्हती. फोन करावा तर आधीच गेलेली. इस्पितळानं दिलेली जागा पहिल्या तीन दिवसांपुरती. पत्त्याशिवाय माझी कागदपत्रं पुढं सरकत नव्हती, आणि कागदपत्रांशिवाय कामावर घेणार नव्हते. तेव्हा मराठी लोकांच्या ग्रुपवर या दादा-वहिनींचा पत्ता लागला. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली माणसं. इथं बारा वर्षं झालेली, स्वतःचं घर, वरची खोली रिकामी. दादा दारातच म्हणाले, "या पावणं, या. कोल्हापूरचं माणूस म्हंजे घरचंच की."

वहिनींनी तांबडा-पांढरा केला होता. परक्या देशात वाटीत पांढरा रस्सा पडला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आज मला त्या पाण्याची लाज वाटते.

जेवता जेवता वहिनींनी विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?"

"कोडोली."

"कोडोलीत कुठं?"

आमच्याकडं हा प्रश्न साधा नसतो. जात सरळ विचारणं आता बरं दिसत नाही, म्हणून माणसं गल्ली विचारतात. शेजार विचारतात. पै-पावणं कुठलं ते विचारतात. आमचं आडनाव तीन-चार जातींत सापडतं, त्यामुळं वहिनींचं घोडं अडलं होतं. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं. मी घास गिळून तेच सांगणार, तेवढ्यात सागर बोलला.

"गावातच की. मारुतीच्या देवळाजवळ."

गाव तिथं मारुती, एवढ्याच भरवशावर बोलला. कोडोली त्यानं जावई म्हणून बघितलेली, तीही एस.टी. स्टँडपासून आमच्या दारापर्यंत. वहिनींचा चेहरा उजळला. त्यांची आतेबहीण त्याच देवळाच्या गल्लीत दिलेली. शेजारच निघाला म्हणून त्यांनी मोठ्या हौसेनं तिला फोन लावला असणार. पुढं काय झालं ते ताटांवरून कळलंच. एका फोनमध्ये मी 'अगं'ची 'तुम्ही' झाले.

सागरनं पायरीवरची ताटं उचलली. वर नेऊन बाथरूमच्या बेसिनात धुतली. "दोनच तर ताटं हायत," म्हणाला. "खोली गेली तर जायाचं कुठं?"

मग मीही धुतली. चार दिवस. दात घासायच्या जागी खरकटं धुतलं. सात वर्षं परक्यांचं गू-मूत काढलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या एकानंही मला कोडोलीत कुठं म्हणून विचारलं नव्हतं. राग वहिनींचा यायचा, सागरचा यायचा, सगळ्यात जास्त माझ्या धुणाऱ्या हातांचा यायचा.

रविवारी दादांकडं जेवण होतं. शहरातली आठ-दहा मराठी माणसं येणार होती. सकाळी वहिनी वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"आज खाली या जेवायला. कुणी इचारलं तर मारुतीच्या देवळाजवळचं म्हणूनच सांगा. आमच्यात जेवलाय तुम्ही. लोकांत आमाला बरं दिसत न्हाय."

सागर "व्हय" म्हणाला. सुटल्यासारखा म्हणाला.

आमचं खोटं आता त्यांच्या अब्रूसाठी लागणार होतं. आम्ही बाटवलेलं घर आम्हीच झाकायचं, आणि वर येऊन आपली ताटं आपण धुवायची. इथं माझ्यात काहीतरी संपलं. भीती असेल.

खाली पंगत बसली. एका पाहुण्यानं सागरला विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?" सागरनं तोंड उघडलं.

मी म्हणाले, "माझं माहेर कोडोली. ओढ्यापलीकडची वस्ती. आम्ही बौद्ध हाय. या घरात आमची ताटं येगळी ठेवल्यात."

कुणी वहिनींना काही विचारलं नाही. एक जण एवढंच म्हणाला, "जेवताना कशाला हा विषय?" मग सगळे घरांच्या किमतींवर बोलायला लागले. आम्ही दोघं उठलो. कुणी बसा म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी दादांनी खोली मोकळी करायला सांगितली. ग्रुपवरून आमचे दोघांचे नंबर काढले गेले. आता शहराबाहेर एका दुकानाच्या वर राहतो. भिंतींना ओल, एका चुलीवर सात माणसं, आम्ही दोघं सोडलो तर कुणाची भाषा कुणाला येत नाही. पत्ता बदलल्यामुळं माझी कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून. सागरला काम नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला,

"गप बसली असतीस तर निभलं असतं. उद्या पोर झालं तर त्यालाबी हेच भोगायला लावणार?"

त्याचं सगळंच चुकत नव्हतं. इथं बरं होईल असं मलाही आता वाटत नाही. पुढच्या गावातही कुणीतरी दादा असतील, कुणीतरी वहिनी रस्सा वाढतील.

"व्हय," मी म्हणाले. "त्याला बोलायला यायला लागलं की पयलं गावाचं नाव शिकवीन. मग आपली वस्ती कुठल्या अंगाला, ते."

सागर भिंतीकडं तोंड करून पडला. तो माझ्या बाजूनं आहे की नाही, मला ठाऊक नाही. नसला तरी मी सांगणार आहे. समोरच्यानं विचारायच्या आधी सांगणार आहे.