वडिलांचा ओके

वार्निशचा वास आला की कडा गावातलं आमचं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तांब्याची तार गुंडाळायचं दुकान आठवतं. मोटार दुरुस्त झाली की वडील एवढंच म्हणायचे, "ओके." पुढं लकव्यानं वाचा गेली आणि हा एकच शब्द उरला. पाणी हवं, पाठ दुखते, कूस बदला, सगळ्याला ओके. एका दुपारी माझ्याकडे बघून ते तेच म्हणत राहिले. मी इंग्रजीचा मास्तर. पाणी पाजलं, उशी सारली, पंखा वाढवला. ते रडकुंडीला आले. चौथी शिकलेली आई आतून म्हणाली, "मास्तर, पंखा काहून फिरवतोस? जेवलास का म्हणून इचारतेत ते." मी उपाशीच होतो, पण हो म्हणालो. त्यांनी समाधानानं डोळे मिटले. तेव्हा खरं सांगितलं असतं, तर त्याच एका शब्दात ते मला रागावले तरी असते, असं आता वाटतं.