फुलांच्या मागची बाई

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी शिरूरच्या घरी मोबाईल घेऊन तिकिटं काढायला बसले होते. मुंबईच्या एका म्युझियममध्ये जुन्या डच चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. तेवढंच निमित्त… दोन दिवस शहरात राहायचं, समुद्रावर फिरायचं, असा माझा आणि नवऱ्याचा, सागरचा, बेत होता.

सासरे, म्हणजे आबा, शेजारी बसून ऐकत होते. फुलांचीही चित्रं आहेत म्हटल्यावर म्हणाले, मीपण येतो. आबांनी कितीतरी वर्षं पॉलिहाऊसमध्ये जरबेराची फुलं काढली, रोपं हॉलंडची. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला आणि नजरेचा मधला भागच गेला. आता कुणाकडे बघायचं तर मान वळवून कडेनं बघतात. पॉलिहाऊस बंद केल्यापासून ते आपणहून कुठं यायचं म्हणालेच नव्हते.

मी खुशीत नावं भरायला घेतली. तेवढ्यात आबा म्हणाले, "चार काढ."

आम्ही तर तिघंच. चौथं कोण, म्हणून विचारलं. आबा माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या मागं बघत होते. मग घाईनं म्हणाले, "न्हाई, तीनच."

मी वळून पाहिलं. मागं नुसती भिंत होती…

त्या दिवसापासून माझं लक्ष जायला लागलं. स्वयंपाकघराच्या दारात आबा थांबायचे, जरा बाजूला व्हायचे आणि मगच आत यायचे. सागर म्हणाला, दिसत नाही ना त्यांना, चाचपडतात. पण ते चाचपडणं नव्हतं. ते कुणालातरी वाट देत होते.

निघायच्या दिवशी आम्ही कारनं दौंडला गेलो, तिथून सकाळची ट्रेन होती. कारमध्ये मागच्या सीटवर आबा एकटेच. तरी दाराला चिकटून, अंग चोरून बसलेले. मी आरशात दोन-तीनदा पाहिलं आणि मग बघणंच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा म्युझियम नुकतंच उघडलं होतं. आमच्याशिवाय त्या दालनात फक्त एक वॉचमन. सागर पुढच्या दालनात गेला, मी आबांचा हात धरून फुलांच्या एका मोठ्या चित्रापाशी आले. काळ्याकुट्ट अंधारात ठेवलेली फुलांनी भरलेली फुलदाणी… पाकळीवरचा दवाचा थेंबसुद्धा रंगवलेला.

आबांनी मान इकडे-तिकडे वळवत एकेक फूल टिपलं. मग हसून म्हणाले, ही एका हंगामात एकत्र फुलणारी फुलं नाहीत, आणि त्या काळात पॉलिहाऊस कुठलं असणार! किती महिन्यांनी त्यांना असं हसताना पाहिलं. मला वाटलं, आलो ते सार्थकी लागलं.

मग मान डावीकडे वळवून बराच वेळ तसेच उभे राहिले.

अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "स्वाती, फुलांच्या मागं ती बाई हाय, ती तुला दिसती का?"

मी पाहिलं. फुलांच्या मागं नुसता काळा रंग. नाही म्हणणार, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

म्युझियमची गाईड होती, तिशीतली. आत्ताच आत आली होती. ती म्हणाली, हा कॅनव्हास चित्रकारानं दुसऱ्यांदा वापरलाय. एक्स-रे काढला तेव्हा खाली एका बाईचं चित्र सापडलं. ते पाटीवर लिहिलेलं नाही… तिनं टॅबवर फोटो दाखवला. पांढरट, धुरकट चेहरा, डोक्याला टोपडं, बरोबर फुलांच्या मधून आमच्याकडे बघणारा.

आबांना एवढ्याशा स्क्रीनवरचं दिसत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, एक हात छातीवर आहे का? गाईडनं टॅबकडे पाहिलं आणि हो म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

आबा बाकावर बसले. बसले ते हमसून रडायलाच लागले. तोवर सागर परत आला होता, तो त्यांच्या पायाशी बसला.

मग आबांनी सांगितलं. आठ महिने त्यांना घरात माणसं दिसत होती. बाया, म्हातारे, टोप्या घातलेली पोरं… नुसती उभी राहायची, बोलायची नाहीत. आबांच्या थोरल्या भावाला म्हातारपणी वेडा ठरवून मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. तेवढ्या भीतीनं ते कुणाला बोलले नव्हते.

"म्या म्हटलं, माझंबी डोकं गेलं," ते म्हणाले. "पर ही बाई तर खरीच हाय."

परत आल्यावर पुण्यात डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे वेड नाही. नजर गेली की मेंदू आपली आपण चित्रं तयार करतो, बऱ्याच जणांना दिसतं, लोक सांगत नाहीत इतकंच. आबांनी हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मी त्या चित्रातल्या बाईबद्दल विचारलं. डॉक्टर हसले, म्हणाले योगायोग, नाहीतर त्यांनी गाईडचं बोलणं ऐकलं असेल. असेल… पण आबांनी विचारलं तेव्हा तिथं बोलणारं कुणीच नव्हतं. मी आणि एक वॉचमन, एवढेच होतो.

त्यावर मी आता फार विचार करत नाही. खरं सांगायचं तर करवत नाही. मला लागून राहिलंय ते वेगळंच. आठ महिने हा माणूस आमच्यात बसून जेवत होता, एकटाच घाबरत होता, आणि मला पत्ता नव्हता.

काल दुपारी मी चहा गाळत होते. आबा आत आले आणि सहज म्हणाले, "तुझ्या डाव्या अंगाला एक म्हातारी उभी हाय. भिऊ नको, काय करत न्हाई."

भ्यायले नाही, असं खोटं लिहिणार नाही. पण त्यांनी मला सांगितलं… चहाचा कप त्यांच्या हातात देताना माझे डोळे भरून आले.