धूर वाकला पाहिजे

नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, अशी आमच्याकडची रीत. पण गोष्टच त्यांची सांगायची म्हणल्यावर एकदा घेते. बलभीम. पुढं मात्र ‘हे’च म्हणणार, तोंडाला तेच वळण पडलंय.

हे साखर कारखान्याच्या बॉयलरवर होते. मिसरूड फुटायच्या आधी चिपाड ओढायला लागले आणि फायरमन म्हणून रिटायर झाले. चिपाड म्हणजे ऊस गाळून उरलेला चोथा. तो भट्टीत जाळायचा, त्याच्यावर वाफ करायची, आणि वाफेवर सगळा कारखाना पळवायचा. हंगाम ऐन थंडीतला. आमची येडशी डोंगराच्या कडेला, गारठा लई. गाव शेकोटीला हात धरून बसायचं तवा हे घामानं निथळत घरी यायचे आणि उघड्या अंगानं अंगणात बसायचे. हातावर केस म्हणून न्हाय, सगळे भट्टीनं खाल्ले. चहासुद्धा बशीत ओतून, निवला की मग प्यायचे. म्या कितींदा म्हणलं, अहो, मग पाणीच प्या की, साखर तरी वाचंल.

ह्यांचा एक शब्द हाय, डराफ. चिमणी धूर वर ओढती, त्या ओढीनं खालून ताजी हवा भट्टीत येती. त्या ओढीला कारखान्यातली माणसं डराफ म्हणतात. हे तो शब्द घरी घेऊन आले आणि मिठासारखा सगळ्यात घालायला लागले. चूल पेटंना, डराफ न्हाय. पोरीला गणितात मार्क कमी, डराफ कमी पडला. रामलिंगाला जत्रंत जीव घाबरा झाला तर म्हणले, गाभाऱ्याला डराफच ठेवला न्हाय. मी कपाळाला हात लावायची. आता त्या शब्दाला हसवत न्हाय मला.

रिटायर झाल्यावर ह्यांनी घराच्या पुढच्या अंगाला स्लॅबची खोली बांधली. उत्तरेला तोंड, सरकत्या काचेच्या खिडक्या, खाली गुळगुळीत फरशी. म्हणले, जन्मभर भाजलो, आता गार झोपणार. त्या खोलीच्या मागं पत्र्याची खोली, आणि सगळ्यात मागं सासऱ्याच्या हातचं माळवद. मातीचं छत, हातभर रुंद भिंती, चूल तिथंच. अशा तीन खोल्या, पण हिवाळ्यात तीन गावं. पत्र्याखाली दुपारी भाजायचं आणि पहाटं दात वाजायचे. स्लॅबच्या खोलीत पौषात दिवसभर फरशीवर पाय ठेववायचा न्हाय. माळवद तेवढं कायम एकसारखं. थंडीत उबदार, उन्हाळ्यात गार.

असं असूनही बाळंतीण ठेवली ती स्लॅबच्या खोलीत.

आमची लेक राजनंदिनी पहिलटकरीण, माहेरी आली होती. दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. मुलगी झाली, वीतभर. सरकारी दवाखान्यात काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली, मग घरी सोडताना सिस्टर म्हणली, “मावशी, हिला ऊब सुटू द्यायची न्हाय. छातीशी धरून ठेवायची. हातपाय गार लागले की लगेच घेऊन यायचं.” झालं. तवापासून आमच्या घरात दुसरं कामच उरलं न्हाय. राजी हात लावून बघायची, मी बघायची, न्हाऊ घालायला शेजारच्या द्वारकाबाई यायच्या त्या बघायच्या. हे तर दर घटकेला दारातून विचारायचे, “गार हायत का?”

म्या पहिल्या दिवसापासून बोंबलत होते की बाळंतीण माळवदात घेऊ. हे ऐकंनात. म्हणले, तिथं चुलीचा धूर, वरनं माती गळती, परवा विंचू निघाला. सिस्टरनं स्वच्छ ठेवा म्हणून सांगितलंय. आणि खरं बोलायचं तर आतली गोष्ट वेगळी होती. जावई कृष्णराज लातूरला असतो, त्याच्या घरची माणसं बघायला येणार होती. पहिलं बाळंतपण आपण नवीन बांधलेल्या खोलीत केलं, हे ह्यांना दाखवायचं होतं. तसं बोलले न्हाईत, पण एवढा संसार केल्यावर न बोललेलंच आधी ऐकू येतं.

मग ह्यांनी खोली गरम करायचा चंग बांधला. जावयानं हीटर पाठवला, पण आमच्याकडं लाईट अशी की हीटर लावला की बल्ब डोळे मिटायचा आणि फ्यूज उडायचा. स्लॅबवर कडबा अंथरला, तो वाऱ्यानं शेजाऱ्याच्या अंगणात. उत्तरेच्या भिंतीला गोधड्या टांगल्या. भिंतीला हात लावायचे आणि मान हलवायचे. ह्यांची जेवणावरची वासनाच गेली. मी चिडून म्हणलं, “अहो, खोलीला ताप यायची वाट बघताय का?” तर मला म्हणले, “अगं, वाफ कुठनं गळती ते हुडकायला पाहिजे.”

कारखान्यात हे असंच करत असतील. उदबत्ती पेटवली आणि ती धरून खोलीच्या कडंकडंनं फिरायला लागले. जिथं धूर वाकंल तिथं फट. दाराखाली वाकला, तिथं बारदाना कोंबला. खिडकीच्या पट्टीत वाकला, तिथं माझं जुनं लुगडं फाडून चिंध्या भरल्या आणि वरनं कणिक लिंपली. वर भिंतीत पंख्यासाठी गोल भोक ठेवलं होतं, तिथं पुठ्ठा ठोकला. दोन दिवस हेच. शेवटी उदबत्ती खिडकीत खोचली आणि मला हाक मारली. धूर सरळ वर चालला होता, ओळंब्यासारखा.

“बघ,” म्हणले. “आता वाऱ्याचा बाप आत येत न्हाय.”

लई दिवसांनी हसले. मलाबी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्या सकाळी आभाळ आलेलं, ऊन न्हाय, वारं झोंबत होतं. द्वारकाबाईंनी लेकीला आणि बाळाला न्हाऊ घातलं, ओव्या-शेपाची धुरी दिली, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी सरकवली. ही आमच्याकडची जुनी रीत. रोज शेक झाला की शेगडी बाहेर काढायचो, कारण खोलीत ऊब राहायचीच न्हाय, निखारे फुकट जायचे. त्या दिवशी हे म्हणले, “आता खोली ऊब धरती. राहू द्या शेगडी, झोपू द्या दोघींना निवांत.” द्वारकाबाई म्हणल्या, “राहू दे की, कमल. तुझ्या बाळंतपणात शेगडी बाजेखालनं हलली होती का कधी?” न्हवती हलली. माझी दोन्ही बाळंतपणं माळवदात झाली, शेगडी दिवस दिवस बाजेखाली होती. ह्यांनी खिडकीत नवी उदबत्ती खोचली, बाहेरनं दार ओढून घेतलं आणि बारदाना पायानं नीट सारला.

मी मागं माळवदात अळीवाची खीर करायला बसले. हे अंगणात बाळाची लंगोटं वाळत घालत होते. द्वारकाबाई जाता जाता खोलीत डोकावून गेल्या आणि मला सांगून गेल्या, “नातीच्या गालावर काय रंग चढलाय बघ.”

खीर घेऊन गेले. दार उघडलं तर आतनं ऊब आली, अशी की त्या खोलीत कधी न्हवती. जीव सुखावला माझा. “राजे, ऊठ, गरम हाय तवर खा,” म्हणलं. ती हलली न्हाय. परत हाक मारली तर डोळे अर्धे उघडले आणि जडपणानं म्हणली, “आई, डोकं फुटतंय. उठवत न्हाय.” उठायला गेली आणि बाजेवरच कलंडली. मी आधी बाळाचे हात धरले. ऊनऊन होते. पायबी ऊन. तरी लेकरू उठंना. तळव्याला टिचकी मारली, रडलं न्हाय. हात सोडला तर पडून राहिला. हातपाय गार पडले तर काय करायचं ते सिस्टरनं सांगितलं होतं. गरम हायत आणि लेकरू उठत न्हाय, तर काय करायचं हे मला कुणीच सांगितलं न्हवतं. मी ओरडले काय, बोलले काय, आठवत न्हाय.

हे दारात आले. खिडकीत उदबत्ती जळत होती. धूर सरळ वर जाऊन स्लॅबखाली पसरला होता, जायला वाट न्हवती. ह्यांनी तिकडं बघितलं. मग बाजेखालच्या शेगडीकडं बघितलं. आणि अगदी हळू म्हणले, “डराफ.”

पुढचं सगळं एका दमात झालं. बाळ उचलून माझ्या हातात दिलं, “पळ भाईर.” मधी येणारी शेगडी, लाल निखाऱ्यांची, तशीच दोन्ही हातांनी धरली आणि अंगणात भिरकावली. राजीला पोत्यासारखी खांद्यावर टाकून आणली आणि अंगणातल्या खाटंवर निजवली. मी बाळाच्या तोंडावर पदर घातला, वारं लागतंय म्हणून. ह्यांनी पदर ओढून काढला.

“तोंड उघडं ठेव. वारं लागू दे.”

“अहो, मरंल की थंडीनं.”

“लागू दे म्हणलं ना.”

एवढे दिवस ज्या वाऱ्यापासनं तिला लपवलं, त्याच वाऱ्याच्या तोंडाला मी तिला धरून उभी राहिले. अंग गोधडीत, तोंड उघडं. हे तिच्या पाठीवरनं हात फिरवत होते, भाजलेला हात, कातडी सुटलेली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती शिंकली. मांजराच्या पिलाएवढी शिंक. आणि रडली. लई बारीक, पण रडली.

शेजारच्या नंदीशनं जीप काढली, धाराशिवला नेलं. दोघींना नळी लावून प्राणवायू दिला. डॉक्टरीणबाईनं विचारलं, “खोलीत शेगडी होती? खिडकी उघडी होती का?” मी काहीतरी सावरून बोलणार होते, हे आधीच म्हणले, “बंद होती. मी बंद केली. एक फट ठेवली न्हाय.” बाई म्हणल्या, निखाऱ्याचा विषारी वायू दिसत न्हाय, त्याला वास न्हाय, कोंडलेल्या खोलीत माणूस झोपेतच जातो. हे मान खाली घालून ऐकत होते. जन्मभर धुराला वाट करून देणारा माणूस. येताना जीपमधी एकदाच बोलले, “कमल, चिमणी न्हाय असा बॉयलर म्या आजवर बघितला न्हवता गं. म्हणून ध्यानातच आलं न्हाय.”

दवाखान्यातनं आणल्या तशा दोघींना माळवदात घेतलं. चूल पत्र्याखाली हलवली, छताला खालनं धोतर ताणून बांधलं, माती गळू नये म्हणून. माळवदाला वर एक भोक असतं, उजेड यावा आणि धूर जावा म्हणून. त्याला आमी साणं म्हणतो. पावसाळ्यात त्याच्यावर घमेलं पालथं घालतात, एरवी उघडंच. माझ्या बाळंतपणात शेगडी बाजेखाली राहिली आणि काही झालं न्हाय, ते ह्या साण्याच्या पुण्याईनं. धोतराला त्या भोकाएवढी खिडकी ठेवली. शेगडी आता घरात येत न्हाय. लेकरू आईच्या छातीशी बांधलेलं असतं, आणि जाड भिंती आपलं काम करतात.

कृष्णराजच्या घरची माणसं आली. विहीणबाई म्हणल्या, नवीन खोली असून बाळंतीण जुन्या घरात का. मी पाणी द्यायच्या निमित्तानं उठले, तर ह्यांनी सरळ सांगितलं, “त्या खोलीत म्या दोघींना मारत होतो. माझी नात तिथं निजणार न्हाय.” मला लाज वाटली न्हाय. रडू मात्र आलं.

पण ह्यांनी बाळाला हात लावायचं सोडलं. आधी म्हणले, हाताला पट्ट्या हायत. पट्ट्या निघाल्या, तर म्हणले, हात गार हायत माझे. माळवदाच्या उंबऱ्यात बसायचे. दिवेलागणीला उदबत्ती पेटवून साण्याच्या दिशेनं धरायचे, धूर वाकून वर गेला की राखंत विझवायचे. मग थोड्या वेळानं परत पेटवायचे. देवापुढची उदबत्ती संपली, देव उपाशी, पण ह्यांची सुरूच.

संक्रांतीच्या दिवशी मला राग आला. म्हणलं, ह्या माणसानं भट्टीत हात घालून जन्म काढला आणि आता हात गार म्हणतो. लेकीच्या कुशीतनं पोर काढली, गोधडीसकट, आणि ह्यांच्या मांडीवर ठेवली. “धरा. मी काय परत घेणार न्हाय.” ह्यांनी श्वास रोखून तिला धरलं. पोर जरा चुळबुळली आणि ह्यांच्या बोटाला धरून निजली. किती वेळ हे हलले न्हाईत. डोळे वर साण्याकडं.

“अगं, उदबत्ती धर जरा. धूर वाकतोय का बघ.”

“आत्ताच तर बघितला. वाकतोय.”

“परत बघ.”

वाद घालायला तोंड उघडलं होतं म्या. मग उठले, काडी ओढली, आणि परत बघितलं.