बोर्डवरची मावशी वेबसाइट शिकते

माझी मावशी बावीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डवर होती. तळमजल्यावर, मुख्य दारातून आत गेलं की डाव्या हाताला काचेची एक खोली, त्यात मावशी, तिची उंच खुर्ची आणि कानाला लावलेला फोन. चारशे दहा नंबर तिला तोंडपाठ होते. इस्पितळात तिला नावाने कुणी ओळखतच नसे, सगळे ‘बोर्डवाल्या ताई’ म्हणत. आमच्या घरी मात्र ती नुसती मावशी. आईपेक्षा चार वर्षांनी लहान आणि आईपेक्षा चौपट बोलणारी.

मागच्या वर्षी तिथे आपोआप उत्तर देणारं यंत्र आलं आणि बोर्ड बंद झाला. मावशीच्या निवृत्तीला आठ वर्षं बाकी होती. तिला सांगण्यात आलं की तळघरात चादरींच्या भांडारात जागा आहे, तिथे जा. नाहीतर दुसऱ्या मजल्यावर वेबसाइट सांभाळणाऱ्या विभागात एक जागा निघते आहे, तिच्यासाठी सहा महिन्यांनी परीक्षा होईल, द्यायची तर द्या. ज्या बाईचा सगळा जन्म माणसांशी बोलण्यात गेला, तिने आठ वर्षं चादरींच्या गठ्ठ्यांशी काय बोलायचं? मावशीने परीक्षेला नाव दिलं आणि मला फोन केला.

“तू ते वेबसाइटचं करतेस ना? मला शिकव.”

मी दहा वर्षं प्रोग्रामर आहे. ऑफिसात माझं मत विचारलं जातं, आणि नाही विचारलं तरी मी ते देते. मावशीला मी सतरा लिंकांची यादी पाठवली. तीन व्हिडिओ कोर्स (दुप्पट वेगाने बघ, असं बजावून), प्रश्नोत्तरांची दोन संकेतस्थळं, कोड लिहायचा एक एडिटर, त्या एडिटरला जोडायच्या नऊ गोष्टी, एक हे, एक ते. यादी पाठवून मी स्वतःवर खूश झाले. तीन आठवड्यांनी विचारलं, “कुठवर आलं?” तर म्हणाली, “सहावी वस्तू बसवतेय. ती म्हणते आधी चौथी काढून टाक.”

तीन आठवड्यांत बाईने एक ओळ लिहिली नव्हती. नुसती हत्यारं जमवत होती. आमच्या धंद्यातले निम्मे लोक हेच करतात, पण ते पगार घेऊन करतात.

पुढच्या आठवड्यात सकाळी सकाळी तिचा फोन. मी ऑफिसात होते, चौघे सहकारी आजूबाजूला.

“अगं, काल मी आमच्या इस्पितळाची वेबसाइट दुरुस्त केली! माउसचं उजवं बटण दाबलं तर बाजूला सगळा कोड उघडतो. दोन तास बसून सतरा नंबर बरोबर केले. आणि आज बघते तर कुणीतरी सगळं परत होतं तसं करून ठेवलंय!”

जाणकारांना हे सांगायला नको. ब्राउझरमध्ये तसा कोड उघडून काहीही बदला, ते फक्त आपल्याला दिसतं. पान पुन्हा उघडलं की सगळं जैसे थे. आमच्यातल्या प्रत्येकाने शिकताना हा मूर्खपणा केलेला असतो आणि प्रत्येकजण तो सोयीस्करपणे विसरलेला असतो. मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, “मावशी, परत सांग ना.” तिने परत सांगितलं. पाचही जण खो खो हसलो. पलीकडून फोन बंद झाला.

पाच दिवस तिचा फोन नाही. मी जीभ चावली, पण फोन करायची हिंमत होईना. शेवटी रविवारी तिच्या घरी गेले. दार काकांनी उघडलं. “या, परीक्षक बाई,” म्हणाले, आणि आत वळून, “आली गं तुझी हसणारी.” मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, समोर जुना लॅपटॉप. माझ्याकडे बघितलंही नाही.

“मावशी, चुकलं माझं.”

“चुकलंच,” ती म्हणाली. “माझं चुकलं ते मला कळलं तरी. मला दिसतं ते पान माझ्याकडे आलेली प्रत. खरं पान तिकडे दुसऱ्याच मशीनवर. बरोबर?”

बरोबर होतं. इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. तिने माझी सतराची यादी गुंडाळून ठेवली होती. आता तिच्याकडे दोनच गोष्टी होत्या: मशीनवर आधीपासून असलेलं साधं नोटपॅड, आणि वेबसाइटची भाषा बनवणाऱ्यांनीच लिहिलेली मूळ माहितीपुस्तिका. पुस्तिका ती पहिल्या पानापासून वाचत होती. कुणी वाचतं का ती पहिल्या पानापासून? आम्ही तिच्यात शोधतो, हवी ती ओळ उचलतो आणि पळतो.

मग तिने मला तिची पद्धत दाखवली आणि मी कपाळाला हात लावला. रोज संध्याकाळी ती जेवढं येतं तेवढं पान लिहायची, चालतं का बघायची आणि सगळं पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापासून पुन्हा. “बोर्डवर लागले तेव्हा माझ्या वरच्या बाईंनी भिंतीवरच्या नंबरांच्या यादीवर कागद चिकटवला होता,” ती म्हणाली. “आठवडाभर रडले. नवव्या दिवशी कागद काढला तरी मी वर बघितलं नाही.”

“मावशी, आमच्यात कुणी पाठ करत नाही. कॉपी करून चिकटवतात.”

“तुम्ही ते मशीनकडून घेता. मला माझ्या डोक्यात नको?” एवढं बोलून तिने मला चहा दिला. म्हणजे मिटलं होतं.

परीक्षेचं काम साधं होतं. कोणता डॉक्टर कधी बसतो, हे सांगणारं एक पान बनवून पेन ड्राइव्हवर आणायचं, इस्पितळाच्या मशीनवर उघडायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. प्रत्येकाला अर्धा तास. मावशीचं पान मी आदल्या संध्याकाळी बघितलं. वर मोठ्या अक्षरांत ‘आज कोण बसणार’, खाली आजच्या वाराचे डॉक्टर, प्रत्येकापुढे कोणतं दार, कोणता मजला, कोणती लिफ्ट. एकच फाइल, दीडशे ओळी. पण रंग असा जांभळा, की बघून डोळे मिटावेत. आणि बाकीचं इतकं साधं, की मला तिची काळजी वाटायला लागली. दुसरे दोघे उमेदवार कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले. ते चकचकीत काहीतरी आणणार, मावशीचं बघून परीक्षक नाक मुरडणार.

“दे, जरा नीट करते,” मी म्हटलं.

“चालतंय की ते.”

“चालणं वेगळं, दिसणं वेगळं, मावशी.”

पेन ड्राइव्ह घरी नेला. मी रोज वापरते त्या आधुनिक साधनांत तिचं पान बसवलं. डॉक्टरांची कार्डं सरकत येत होती, रंग शांत, सगळं देखणं. गोंधळ नको म्हणून मावशीची जुनी फाइल पेन ड्राइव्हवरून काढून टाकली. तयार झालेलं फोल्डर त्यात टाकलं. माझ्या मशीनवर चालताना मी ते वीस वेळा बघितलं. पेन ड्राइव्हवरून एकदाही उघडून बघितलं नाही.

सकाळी मी तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली लहान, एक टेबल, एक जुनं मशीन, भिंतीवर मोठा पडदा. परीक्षा घ्यायला इस्पितळाच्या प्रशासक मॅडम. दार उघडंच होतं, मी बाहेरच्या बाकावर. मावशीने पेन ड्राइव्ह लावला, फाइलवर दोनदा टिचकी मारली.

पडद्यावर पांढरं पान आलं. त्यावर काहीही नव्हतं.

मावशीने पुन्हा उघडलं. पुन्हा पांढरं. मी उठून दारात गेले आणि आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य माझ्या तोंडून गेलं, “माझ्या मशीनवर चालत होतं!”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मावशीनेही बघितलं. तेव्हा तिला कळलं असणार. पण ती मॅडमकडे वळली आणि म्हणाली, “माझ्याकडून चुकीची फाइल आली. माझा अर्धा तास आहे ना? मी इथेच लिहिते.”

“इथे? अर्ध्या तासात?”

“सत्तावीस मिनिटं उरलीत, मॅडम.”

तिने नोटपॅड उघडलं. ती चार बोटांनी टाइप करते, त्यामुळे सगळा पडदा हळूहळू भरत होता आणि मी दारात उभी राहून एकेक ओळ वाचत होते. डॉक्टरांची नावं, वार, दारं, लिफ्ट, सगळं तिच्या बोटांतून येत होतं. वर बघायची तिला गरजच नव्हती. मध्ये एकदा तिने पान उघडून पाहिलं तर अर्धं पान ठळक अक्षरांत. “ठळक अक्षरं बंद करायची राहिली,” ती स्वतःशीच म्हणाली, वर गेली, एक खूण टाकली, पान ताळ्यावर आलं. चोविसाव्या मिनिटाला ‘आज कोण बसणार’ पडद्यावर उभं होतं, त्याच भयंकर जांभळ्यात. इतका सुंदर रंग मी आयुष्यात बघितला नव्हता.

मॅडम पुढे झुकल्या. “हाडांचे डॉक्टर दहाला बसतात. तुम्ही पावणेअकरा लिहिलंय.”

“दहा असं पाटीवर लिहिलंय, मॅडम. येतात पावणेअकराला. बावीस वर्षं मी लोकांना तेच सांगत आले. म्हातारी माणसं उगाच पाऊण तास ताटकळत बसतात.”

मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. दुसऱ्या दोघांची पानं खरंच चकचकीत होती, आणि चाललीही. आम्ही बाकावर शेजारी बसून होतो. तासाभराने मॅडम दारात आल्या आणि म्हणाल्या, “ताई, सोमवारपासून वर या. तळघरात नाव दिलं असेल तर काढून टाकते.”

मावशीने मान डोलावली. त्या आत गेल्यावर पदराने डोळे टिपले. मी तर आधीच रडत होते.

“मावशी, मी...”

“ते राहू दे. मला हे सांग, तुझं का नाही चाललं?”

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. मशीन जुनं असेल म्हटलं. ब्राउझर जुना असेल म्हटलं. दहा वर्षं मी ते साधन रोज वापरते, आणि आत काय होतं हे मला कुणी विचारलं नव्हतं. मावशीने फोन काढला, त्या साधनाचं नाव विचारलं, त्याची माहितीपुस्तिका शोधली आणि नेहमीप्रमाणे पहिल्यापासून वाचायला लागली. पाचेक मिनिटं गेली असतील.

“हे बघ. लिहिलंय की. तयार झालेली फाइल टिचकी मारून थेट उघडू नका, दिसणार नाही. तिला सर्व्हर लागतो, म्हणजे पान पाठवणारं तिकडचं मशीन.” तिने फोन माझ्यापुढे धरला. “सुरुवातीलाच आहे गं.”

मी वाचलं. खरंच सुरुवातीला होतं; माझ्या मशीनवर तो सर्व्हर मागे आपोआप चालू असायचा, म्हणून मला कधी कळलंच नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती हसली असती तर ते तिच्या हक्काचं होतं, पण हसली नाही. पर्स उचलली आणि उठली.

“आणि एक,” जिन्यावर ती म्हणाली. “आत मी ‘माझ्याकडून’ म्हणाले ते खोटं होतं. ते एकदाच. पुन्हा माझ्या फाइलला हात लावायचा असेल तर आधी मला विचारायचं.”

“विचारीन,” मी म्हटलं.